नाताळचा केक आणि जामीनदाराची सही

डिसेंबर महिना लागला की आपल्या धर्मग्रामांतून येरवड्याच्या कारागृहाकडे जाण्याची लगबग सुरू होते. गायनमंडळ नाताळगीतांची तालीम करते, भगिनीमंडळ केक आणि मिठाईची सोय पाहते, कोणी ब्लँकेटे देतो, कोणी साबण आणि टूथपेस्ट. अधीक्षकांची रीतसर परवानगी निघते, दोन तासांचा कार्यक्रम होतो आणि मंडळी कृतार्थ मनाने घरी परततात. या सेवेला आम्ही नावे ठेवीत नाही. ज्याची वर्षभर कोणी विचारपूस केली नाही, त्याच्यापुढे कोणी आपुलकीने मिठाईचा तुकडा धरला तर त्याचे मोल त्यालाच ठाऊक. परंतु या निमित्ताने आम्हांस एक प्रश्न विचारावासा वाटतो आणि तो थोडा टोचणारा आहे. ज्या तरुणाच्या हाती आपण केक ठेवतो, त्याला न्यायालयाने कदाचित चार महिन्यांपूर्वीच जामीन मंजूर केलेला असतो. त्याच्यासाठी सही करणारा एक जामीनदार बाहेर मिळाला नाही, एवढ्याच कारणाने तो आत बसलेला असतो. अशा माणसाच्या हाती केक देऊन आपण परत येतो, तेव्हा बंदिवानाची सेवा पूर्ण झाली असे आपल्याला म्हणता येईल काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ सालच्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे दर चारांतील तीन, हे आपण ज्यांना 'कच्चे कैदी' म्हणतो ते होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, पण ज्याचा खटला संपलेला नाही. कायद्याच्या दृष्टीने जो अद्याप निर्दोष आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण आणखी वाईट, म्हणजे दर पाचांत सुमारे चार. येरवड्याची मंजूर क्षमता सुमारे अडीच हजारांची; तेथे गेली अनेक वर्षे दुपटीहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत आली आहेत. या कच्च्या कैद्यांचे वय पाहावे, तर देशभरात त्यांपैकी जवळपास निम्मे १८ ते ३० वर्षांचे आहेत. त्यांची जात पाहावी, तर दर पाचांत एक अनुसूचित जातींपैकी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत या जातींचा वाटा सहांत एक इतका आहे. आदिवासी आणि मुसलमान यांचेही प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून अधिक भरते. शिक्षण पाहावे, तर बहुतेकांची शाळा दहावीच्या आतच सुटलेली. गुन्हा कोणीही करू शकतो. पण खटल्याच्या आधीच तुरुंगात कुजण्याची पाळी कोणावर येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ही पाळी येते कशी, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण आपल्यापैकी पुष्कळांनी 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण जन्मभर पाळली आहे आणि त्यामुळे त्या पायरीपलीकडे काय चालते ते आपणांस ठाऊक नसते. समजा, एखाद्या वस्तीतील एकोणीस वर्षांच्या मुलाला मोबाइल हिसकावल्याच्या संशयावरून पकडले. चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, म्हणजे येरवडा. यथावकाश जामिनाचा हुकूम होतो : पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. आपल्याला वाटते, सुटला. पण जामीनदार म्हणून उभे राहणाऱ्याला आपली ऐपत दाखवावी लागते. घर नावावर असल्याची घरपट्टीची पावती हवी, नाहीतर सातबारा, नाहीतर कायम नोकरीची वेतनचिठ्ठी. कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला. त्या मुलाची आई चार घरची धुणीभांडी करते, बाप बिगारी कामाला जातो, खोली भाड्याची. शेजारीपाजारी त्यांच्यासारखेच. नातेवाईक मराठवाड्यातील गावी, आणि न्यायालयाला जामीनदार स्थानिक हवा असतो. मग न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे भाडोत्री जामीनदार भेटतात. बनावट कागदपत्रांबद्दल अशांवर गुन्हेही दाखल झाले आहेत. ज्या आईला तेवढेही पैसे उभे करता येत नाहीत, तिचा मुलगा आतच राहतो. त्याचे काम जाते, कॉलेजची फी भरली असेल तर ती बुडते, बहिणीचे ठरलेले लग्न मोडते. आणि आत त्याला ज्यांची संगत लाभते, ते त्याला जे शिकवतात, त्याबद्दल आम्ही वेगळे सांगावयास नको.

हे दुखणे नवे नाही. मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याचे प्रकरण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दंडाधिकाऱ्यांनी त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची स्थिती साऱ्या देशापुढे आली. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा भोगून झाली असती, त्याहून अधिक काळ माणसे नुसती खटल्याची वाट पाहत पडून होती. पंचेचाळीस वर्षे उलटली. कायदे सुधारले, निकाल आले, समित्या झाल्या. जामीनदार मात्र आजही घरपट्टीची पावती घेऊनच यावा लागतो.

याच पुणे शहरात, येरवड्यापासून हाकेच्या अंतरावर, कल्याणीनगरात १९ मे २०२४ च्या पहाटे एका सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या महागड्या मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. काही तासांतच त्या मुलाला बाल न्याय मंडळाकडून जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट सर्व देशात गाजली. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. त्या वेळी पुणेकरांचा जो संताप उसळला, तो आम्हांस समजतो; दोन कुटुंबांचे दीप विझले होते. तरीही आम्ही थोडे वेगळे म्हणतो. अल्पवयीन मुलाला जामीन मिळाला याला आमचा आक्षेप नाही. मुलाला सुधारण्याची संधी द्यावी हेच बालन्यायाच्या कायद्याचे तत्त्व आहे. आमचा आक्षेप असा की, जी तत्परता एका मुलाच्या वाट्याला आली, तिचा शंभरावा हिस्सादेखील ताडीवाला रस्त्यावरील किंवा जनता वसाहतीतील मुलाच्या वाट्याला येत नाही. त्या मुलाच्या पाठीशी आजोबा, वडील, वकील आणि पैसा, सारे रात्रीत उभे राहिले. वस्तीतल्या मुलाच्या पाठीशी कोण उभे राहते? संताप करावयाचा तर या दुसऱ्या प्रश्नावर करावा. एकाचा जामीन रद्द झाल्याने हजारांना जामीन मिळत नाही.

आता या सर्वांच्या मुळाशी असलेल्या एका जुन्या रोगाकडे वळू. येरवड्याचे मध्यवर्ती कारागृह १८७१ साली उभे राहिले. त्याच १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती'चा कायदा केला. मूल जन्माला आले की जातीमुळेच ते गुन्हेगार ठरावे, अशी ही योजना होती. आरंभी उत्तरेकडे लागू असलेला हा कायदा १९११ च्या सुधारणेने मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत उभी राहिली. 'सेटलमेंट' हा शब्द तिकडे आजही रूढ आहे. आपण ख्रिस्ती म्हणून एक गोष्ट येथे मुद्दाम लक्षात ठेवावी : मुक्तिफौजेसारख्या ख्रिस्ती संस्थांनी देशात अनेक ठिकाणी अशा वसाहती सरकारच्या वतीने चालवल्या. त्यांचा हेतू माणसे सुधारण्याचा होता, शाळा आणि उद्योगही त्यांनी काढले. पण कुंपण तसेच राहिले. दया आणि कुंपण एकाच हाताने सांभाळता येतात, हा धडा आपल्या इतिहासातलाच आहे.

तो कायदा १९५२ साली रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त बांधव मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण त्याची जागा 'सराईत गुन्हेगार' या शब्दाने घेतली. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालांवर पडते, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? तुरुंगाच्या आतही जात सुटली नव्हती. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकार भगिनीने केलेल्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तेव्हा कोठे तुरुंगातील झाडूकाम आणि स्वयंपाक जातीनुसार वाटून देण्याचे नियम घटनाबाह्य ठरले आणि बंदीच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. स्वातंत्र्यानंतर सत्याहत्तर वर्षांनी!

पुण्यात गेल्या काही वर्षांत 'कोयता गँग' हा शब्द वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचवला. रस्त्यात कोयते नाचवणाऱ्या पोरांची भीती खरी आहे; ज्याची टपरी फुटली, ज्याच्या डोक्यात वार बसला, त्याचे दुःख खरे आहे. परंतु त्यावरचा उपाय म्हणून वस्तीतून आरोपींची धिंड काढणे, मोक्का लावणे, झोपडपट्टीदादांसाठी केलेल्या १९८१ च्या कायद्याखाली खटल्यावाचून वर्षभर स्थानबद्ध करणे, हे सारे आपण टाळ्या वाजवून मान्य केले. धिंड ही कोणत्या कायद्यातील शिक्षा आहे? आणि ज्याची धिंड काढली तो पुढे निर्दोष सुटला, तर त्याची अब्रू त्याला कोणत्या कचेरीतून परत मिळते? वाचकहो, आपल्यातील बहुतेकांचे आजोबा-पणजोबा नगर जिल्ह्यातील गावांच्या वेशीबाहेरून ख्रिस्तसभेत आले. गावात काही हरवले की आधी त्यांच्याच वस्तीची झडती होई. आज आपण सोसायटीत राहतो, मुले संगणक क्षेत्रात आहेत, आणि झडती दुसऱ्यांच्या वस्तीची होते. पुढे गेलेल्याने मागच्यासाठी दार लावून घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

या पुण्यातूनच जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते. पुढे १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तीही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरून नाव घेऊन. म्हणून या प्रश्नाबाबत अमेरिकेकडे पाहणे हे आम्हांस परके वाटत नाही. तेथे १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली; पण गुन्ह्याबद्दलची शिक्षा हा अपवाद त्या दुरुस्तीतच ठेवला होता. त्या फटीतून गुलामगिरी पुन्हा आत शिरली : भटकण्यासारख्या क्षुल्लक गुन्ह्यांवरून काळ्या माणसांना पकडावयाचे आणि कैदी म्हणून मळ्यांना, खाणींना भाड्याने द्यावयाचे. १९८६ मध्ये तेथील मादक द्रव्यांच्या कायद्याने गरीब काळ्यांच्या वस्तीत विकल्या जाणाऱ्या कोकेनच्या एका प्रकाराला, गोऱ्यांत चालणाऱ्या पुडीच्या शंभरपट कडक मोजमाप लावले. आज काळे लोक अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे तेरा टक्के आहेत, पण शिक्षा भोगणाऱ्यांत सुमारे एक-तृतीयांश.

न्यूयॉर्कमधील कॅलिफ ब्राउडर या सोळा वर्षांच्या काळ्या मुलाला २०१० मध्ये एक पाठपिशवी चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. जामिनाची रक्कम तीन हजार डॉलर. घरच्यांना ती भरता आली नाही. तो तीन वर्षे रायकर्स बेटावरील तुरुंगात होता, त्यातील दीर्घ काळ एकांतकोठडीत. खटला चाललाच नाही. २०१३ मध्ये आरोप मागे घेतले गेले. दोन वर्षांनी, बावीस वर्षांचा असताना, त्याने आत्महत्या केली. एका पिशवीपायी एक आयुष्य गेले, आणि ती पिशवी त्याने चोरली हे कधी सिद्धही झाले नाही. मोतीराम गवंडी आणि हा मुलगा यांच्यामध्ये दोन महासागर आहेत. पण दोघांच्या दाराला कुलूप एकाच कारखान्याचे आहे.

तिकडच्या समाजाने यावर काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. लोकांनी वर्गणी काढून जामीननिधी उभारले. गरीब आरोपीची रक्कम निधीतून भरावयाची, तो तारखेला हजर राहिला की ती परत मिळते आणि त्याच पैशांतून पुढचा सोडवावयाचा. अशा निधीतून सुटलेली बहुसंख्य माणसे तारखांना हजर राहिली, असा अनुभव आला. बॉस्टनमध्ये १९९२ साली एका चर्चमध्ये अंत्यविधी चालू असताना टोळीच्या पोरांनी आत शिरून हल्ला केला, तेव्हा तेथील काळ्या धर्मगुरूंनी चर्चची दारे बंद करून घेतली नाहीत. ते रात्रीच्या वेळी त्याच पोरांच्या गल्ल्यांतून फिरू लागले, पोलिसांशी बोलू लागले, मुलांची नावे पाठ करू लागले. आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे प्रसिद्ध पत्र लिहिले, ते कोणाला उद्देशून होते? संयम बाळगा, असा सल्ला देणाऱ्या आठ धर्मगुरूंना. त्यांत एक कॅथोलिक बिशपही होते. झगा घालणाऱ्या आम्हां सर्वांनी ते पत्र वर्षातून एकदा तरी वाचावे.

आपल्या देशातही दूर जावयास नको. फादर स्टॅन स्वामी या येशूसंघीय धर्मगुरूंनी झारखंडमधील आदिवासी कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुण्यात नोंदवल्या गेलेल्या एल्गार परिषदेच्या गुन्ह्याच्या तपासात ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली. वय त्र्याऐंशी, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते वारले, तेव्हा त्यांच्यावरील खटला सुरूही झाला नव्हता. ज्यांच्यासाठी ते लढले, त्यांच्यासारखेच कच्चे कैदी म्हणून ते गेले. आपण त्यांच्यासाठी मेणबत्त्या पेटवल्या, ते योग्यच केले. पण ज्या हजारोंची यादी ते करीत होते, ती कोणी पुढे नेली?

'बंदिवानाला भेटणे' हे दयेच्या सात कृत्यांपैकी एक म्हणून आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे. परंतु ख्रिस्तसभेच्या जुन्या परंपरेत या कृत्याचे नाव 'बंदिवानाची खंडणी भरून त्याला सोडवणे' असे होते. संत जॉन ऑफ माथा यांनी ११९८ मध्ये आणि संत पीटर नोलास्को यांनी १२१८ मध्ये याच कार्यासाठी संघ स्थापन केले. नोलास्कोंच्या संघात तर चौथे व्रत होते : गरज पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहावयाचे. संत पौलाने फिलेमोनला लिहिताना अनेसिमाचे काही देणे असेल तर ते आपल्या नावे मांडावे असे सांगितले. आणि इब्री लोकांस पत्रात प्रभू येशूला नव्या कराराचा 'जामीन' म्हटले आहे. जामीनदार हा शब्द आपल्याला न्यायालयाच्या आवारातला वाटतो. तो आपल्या तारणाच्या शिकवणीतला शब्द आहे. पोप फ्रान्सिस यांनी २६ डिसेंबर २०२४ रोजी रोमच्या रेबिबिया तुरुंगात ज्युबिली वर्षाचे पवित्र द्वार उघडले. ते वर्ष आता संपले. त्या वर्षात आपल्या धर्मग्रामांनी किती यात्रा काढल्या याचा हिशेब आपल्याकडे आहे. किती बंदिवान सोडवले याचा आहे काय?

यावर जे आक्षेप घेतले जातील, त्यांची उत्तरे येथेच देतो. पहिला आक्षेप : 'काहीतरी केले असेल, म्हणूनच पकडले ना?' तसे असेल तर न्यायालयांची गरजच काय? पिलाताच्या अंगणातील जमावाचा युक्तिवाद याहून वेगळा नव्हता. दुसरा : 'तो पळून गेला तर?' तर जामीनदाराला मुचलक्याची रक्कम भरावी लागण्याचा धोका असतो. ती रक्कम भरली, तर त्याला तुरुंगात जावे लागत नाही. धोका आहे, हे आम्ही लपवीत नाही. धोका नसलेल्या सेवेला नोलास्कोंच्या संघात चौथ्या व्रताची गरज पडली नसती. तिसरा आक्षेप शास्त्रातून येईल : नीतिसूत्रांच्या ग्रंथात जामीन राहू नये असा इशारा आहे. आहे, आणि एकदा नव्हे तर अनेकदा आहे. पण तेथील उपदेश सावकारी व्यवहारात अविचाराने दुसऱ्याच्या कर्जाला हमी देणाऱ्यासाठी आहे. निर्दोष मानल्या गेलेल्या गरिबाच्या सुटकेआड तो वचनाची ढाल करील, त्याने यशया संदेष्ट्याचा ग्रंथही उघडावा, आणि प्रभूने नासरेथच्या सभास्थानात त्यातील कोणता भाग वाचला तेही पाहावे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : 'ज्यांच्यावर अन्याय झाला, त्यांचे काय?' ज्या वृद्धेच्या गळ्यातील साखळी हिसकावली, ती आपल्याच बाकावर बसलेली असते. तिला न्याय मिळालाच पाहिजे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. खटला चालतो, साक्षी होतात, दोषी ठरला तर शिक्षा होते. तो मुलगा खटल्यावाचून दोन वर्षे आत राहिला तर तिची साखळी परत येत नाही, उलट सुटताना तो अधिक निर्ढावलेला असतो. तिलाही हवा आहे तो लवकर लागणारा निकाल. आणि शेवटचा आक्षेप, 'फादरांनी राजकारणात पडू नये.' जामीनपत्रावर सही करणे हे राजकारण असेल, तर चांगल्या शोमरोन्याने खानावळवाल्याला दोन दिनार देऊन उरलेल्या खर्चाची हमी घेतली, तेही राजकारणच म्हणावे लागेल.

मग करावे काय? भारतातील कारागृह सेवाकार्य १९८१ साली केरळमधील काही धर्मविद्यार्थ्यांच्या लहानशा गटातून उभे राहिले आणि देशभर पसरले. त्याच्या स्वयंसेवकांच्या अनुभवाचा आधार घेऊन धर्मग्रामांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

प्रत्येक धर्मग्रामात जामीनदारांची एक यादी असावी. ज्यांच्या नावावर घर आहे किंवा ज्यांची कायम नोकरी आहे, अशा दहा जणांनी वर्षातून एका तरुणासाठी उभे राहण्याची तयारी दाखवावी. डोळे झाकून सही करू नये. आधी त्याच्या घरी जावे, आईवडिलांना भेटावे, वकिलाशी बोलावे. तारखेला मुलाला न्यायालयात नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी त्या भागातील लघु ख्रिस्ती समूहाने घ्यावी. मुलगा ख्रिस्ती आहे की नाही हा प्रश्न विचारू नये.

दुसरे, निधी. सणाच्या मांडवावर, फटाक्यांवर आणि बँडवर आपण जो खर्च करतो, त्याचा दहावा हिस्सा जामीननिधीत टाकावा. रोख भरलेला जामीन, आरोपी नियमित हजर राहिला, तर खटला संपल्यावर परत मिळतो. म्हणजे तो एकाच्या सुटकेवर संपणारा पैसा नाही.

तिसरे, कायद्याची माहिती. आपल्यातील वकील बांधवांनी येथे पुढे यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, जन्मठेप किंवा मृत्युदंडाचे गुन्हे सोडून, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर तो सुटकेस पात्र ठरतो. इतरांसाठी हा काळ निम्मा आहे. मात्र एकाहून अधिक प्रकरणे चालू असलेल्याला ही सवलत नाही. म्हणजे ज्याला पोलीस प्रत्येक चोरीत गोवतात, तोच पुन्हा बाहेर राहतो. या तरतुदीविरुद्ध आवाज उठवला पाहिजे. जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी मदत देणारी केंद्र सरकारची योजना त्याच वर्षी सुरू झाली. हे सारे कागदावर आहे. ते येरवड्याच्या बराकीपर्यंत पोहोचवण्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे खेटे घालणारी माणसे हवीत. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, आपणांस वेळ आहे.

चौथे, घरची माणसे. ज्या घरातील मुलगा आत आहे, ती आई आपल्या धर्मग्रामातही आहे. ती शेवटच्या बाकावर बसते आणि कोणी विचारले तर 'गावी गेलाय' असे सांगते. तिला खोटे बोलावे लागते, हे आपल्या सर्वांचे अपयश आहे. मुलाखतीच्या दिवशी तिच्याबरोबर कोणीतरी जावे.

पाचवे, सुटून आल्यावर काम. आपल्या संस्थांच्या शाळा, तांत्रिक विद्यालये, रुग्णालये आणि छापखाने आहेत. त्यांनी दरवर्षी थोड्या जागा अशा तरुणांसाठी राखाव्यात. ज्याला कोणी कामावर ठेवत नाही, त्याला टोळी ठेवते.

या वर्षीही नाताळचा केक जरूर न्यावा. पण त्याआधी, येत्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक धर्मग्रामाने मिस्सानंतर चर्चच्या दाराशी एक टेबल मांडावे आणि त्यावर एक कोरी वही ठेवावी. पहिले नाव धर्मगुरूंनी सुचवावे, दुसरे पॅरिश कौन्सिलने. बाकीची आठ नावे घराघरांतून यावीत. येताना घरपट्टीची चालू वर्षाची पावती बरोबर आणावी.